उर्दू प्रश्नावलीत सगळी उत्तरे ‘नहीं’ का आली?

वाचकाचे पत्र: मी मालेगावात एका सामाजिक संस्थेत समुपदेशक आहे. माझी मातृभाषा मराठी आहे. हिंदी-उर्दू बोलता येते, पण उर्दू लिपी वाचता येत नाही. यंत्रमागाच्या वस्तीतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी ते बारावीच्या साठ मुलांकडून आम्ही नशेसंबंधीची दहा प्रश्नांची ‘डास्ट’ ही प्रश्नावली भरून घेतली. उर्दू मसुदा इंटरनेटवरून घेतला होता. तो पाकिस्तानात वापरला जातो असे कळले. जवळजवळ सर्व मुलांनी दहाही प्रश्नांना ‘नहीं’ अशी खूण केली आहे, आणि गुणतक्त्याप्रमाणे प्रत्येकाला एक गुण मिळतो. मुले खोटे बोलत आहेत की प्रश्नावलीच चुकीची आहे? आम्ही स्वतः नवे भाषांतर करावे का? मुख्याध्यापक ‘संशयित’ मुलांच्या नावांची यादी मागत आहेत, ती द्यावी का? आणखी एक गोष्ट आहे. याच शाळेतल्या 17 वर्षांच्या एका मुलाची आई मला भेटली. तो बरेच महिने रोज ‘कुत्ता गोली’ खातो आहे. येत्या शुक्रवारी माग बंद असताना घरचे त्याला खोलीत कोंडून गोळ्या सोडवणार आहेत. तिला काय सांगू?

उत्तर:

पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीचे आठवडाभर थांबले तरी चालतील. त्या आईला आजच निरोप द्या की मुलाच्या गोळ्या एकाएकी बंद करायच्या नाहीत आणि त्याला कोंडायचे तर मुळीच नाही. मालेगावात ‘कुत्ता गोली’ म्हणून जी गोळी विकली जाते ती बहुतेक वेळा अल्प्राझोलाम असते. चिंता आणि घबराट यांसाठी डॉक्टर हे औषध मोजक्या दिवसांपुरते लिहून देतात; तेच महिनोन्‌महिने रोज आणि मोठ्या प्रमाणात घेतले गेले की मेंदू त्याला सरावतो. मग ते एकदम तुटल्यावर दोन-तीन दिवसांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते, जीव घाबराघुबरा होतो आणि काहींना आकडी येते. बंद खोलीत, आसपास कोणी नसताना आलेली आकडी जिवावर बेतू शकते. घरोघरी समजूत नेमकी उलटी असते. गर्द (हेरॉइन) म्हणजे मरण आणि गोळी म्हणजे किरकोळ भानगड, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात गर्द सोडताना माणूस तळमळतो, पण एरवी धडधाकट असेल तर त्या त्रासाने सहसा दगावत नाही. दारू आणि या जातीच्या गोळ्या अचानक सोडण्याचा धोका मात्र खरोखर जिवाचा आहे.

मुलाला सामान्य रुग्णालयात नेऊन मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. डॉक्टर बहुधा त्याला याच गटातले जास्त वेळ टिकणारे औषध देतील आणि त्याची मात्रा काही आठवडे टप्प्याटप्प्याने उतरवत नेतील. जाताना आईने गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात आणि चार गोष्टी आठवून ठेवाव्यात: दिवसाला किती गोळ्या, केव्हापासून, बरोबर खोकल्याचे सिरप किंवा दारू असते का, आणि पूर्वी कधी आकडी आली होती का. यातला तिसरा प्रश्न सहजासहजी कोणी विचारत नाही, म्हणून तो तुम्हीच विचारून घ्या. कोडीन या अफूवर्गीय औषधाचे खोकल्याचे सिरप आणि ही गोळी एकत्र पोटात गेली की श्वास मंदावतो. मुलगा हलवूनही जागा होत नसेल, विचित्र घोरत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याला कुशीवर वळवून 108 ला फोन करायचा; ‘झोपू दे, उतरेल’ म्हणत वाट पाहायची नाही. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत गोळ्या आईने आपल्या ताब्यात ठेवाव्यात आणि डॉक्टरांना फोनवर विचारून त्या हिशोबाने द्याव्यात. आईनेच मुलाच्या हातावर गोळी ठेवायची हे ऐकायला विपरीत वाटते आणि वडील भडकतील हे उघड आहे, म्हणून शक्य झाल्यास तुम्ही स्वतः घरी जाऊन त्यांना समजावा. रात्री-अपरात्री विचारण्यासाठी 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आणि 14416 हा ‘टेली-मानस’चा क्रमांक तिला लिहून द्या.

तिच्या मनात पोलिसांची धास्ती असणारच. तिला सांगा की अमली पदार्थांसंबंधीच्या 1985 च्या कायद्यातच, कलम 64-अ मध्ये, आपण होऊन उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याबाबत खटल्यापासून संरक्षण आहे. मात्र उपचार सरकारमान्य ठिकाणी घ्यावे लागतात आणि पुरे करावे लागतात. अर्ध्यावर सोडले तर ते संरक्षण काढून घेता येते. डॉक्टरांच्या कागदपत्रांची एक प्रत घरात नीट जपून ठेवायला सांगा.

आता प्रश्नावलीकडे वळू. मुले खोटे बोलत आहेत की प्रश्नावली चुकीची आहे, असे तुम्ही विचारता. तुमच्या हातातल्या कागदांवरून मला तिसरीच गोष्ट दिसते. मुलांनी प्रश्न वाचलेलेच नाहीत. याचा पुरावा त्या एका गुणात आहे. टोरांटोच्या हार्वी स्किनर यांनी ‘डास्ट’ 1982 मध्ये 28 प्रश्नांची म्हणून प्रसिद्ध केली आणि पुढे तिचे दहा प्रश्नांचे रूप रूढ झाले. या दहांपैकी नऊ प्रश्नांत ‘हो’ या उत्तराला एक गुण आहे, पण तिसरा प्रश्न उलटा आहे. मनात येईल तेव्हा तुम्हाला नशा थांबवता येते का, असे तो विचारतो, आणि तिथे ‘नाही’ला एक गुण पडतो. म्हणजे सरसकट दहा वेळा ‘नहीं’ लिहिणाऱ्या मुलाने पहिल्या उत्तरात ‘मी काही घेत नाही’ म्हटले आणि तिसऱ्या उत्तरात ‘मला थांबवता येत नाही’ अशी कबुली दिली. एखाद-दुसऱ्या मुलाचा असा गोंधळ होऊ शकतो. अख्ख्या शाळेचा तसाच गोंधळ झाला असेल, तर सर्वांनी वरून खालपर्यंत एका रेघेत खुणा केल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कधीच काही न घेतलेल्याने तिथे ‘हो’ लिहावे अशी सूचना काही मसुद्यांत त्या प्रश्नाखाली दिलेली असते. तुमच्या उर्दू मसुद्यात ती आहे का, हे उर्दूच्या एखाद्या शिक्षकाकडून वाचून घ्या.

त्याच बैठकीत त्यांना रकान्यांकडेही पाहायला सांगा. उर्दू उजवीकडून वाचली जाते, त्यामुळे उर्दू मसुद्यात ‘हाँ’चा रकाना डाव्या बाजूला नसून उजव्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. गुण देणारा माणूस इंग्रजी तक्ता हाती घेऊन डावीकडून मोजू लागला, तर सगळेच उलटे होते. तुमच्या बाबतीत असे झालेले दिसत नाही, नाहीतर प्रत्येकाला नऊ गुण पडले असते. तरीही ज्याला लिपी वाचता येत नाही त्याने गुण देऊ नयेत, असा नियम तुमच्या संस्थेत आजपासून करा.

मुलांनी एका रेघेत खुणा का केल्या, हे समजायला फार डोके खाजवायला नको. वर्गात फॉर्म वाटला, शिक्षक बाकांमधून फिरत होते, शेजारचा डोकावत होता आणि वर नाव लिहायचे होते. अशा वेळी शहाणे मूल ‘नहीं’च लिहिते. तुम्ही-आम्हीही तेच केले असते. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. त्याशिवाय ही प्रश्नावली मुळात प्रौढांसाठी आणि वयात आलेल्या तरुणांसाठी आहे. जोडीदार किंवा आईवडील तुमच्या नशेबद्दल तक्रार करतात का, नशेपायी घराकडे दुर्लक्ष झाले का, असे प्रश्न नववीतल्या मुलाच्या आयुष्याला धड लागूच पडत नाहीत.

प्रश्न वाचले असते तरी सारे निभले असते असे मात्र मला वाटत नाही. पहिलाच प्रश्न घ्या. वैद्यकीय कारणासाठी लागतात त्याखेरीज तुम्ही मादक पदार्थ वापरले आहेत का, असा तो आहे. उर्दू मसुद्यांत इथे बहुधा ‘मुनश्शियात’ हा शब्द असतो. तो वर्तमानपत्री आणि सरकारी शब्द आहे. चरस, अफू, हेरॉइन जप्त झाल्याच्या बातम्यांत भेटणारा. गोळी खाणाऱ्या मुलाला तो आपल्याबद्दल आहे असे वाटतच नाही. त्याच्या लेखी गोळी ही दवा आहे, ती औषधाच्या पट्टीत येते, कोणीतरी ती मेडिकलमधूनच आणलेली असते, आणि बारा तासांची पाळी करून अंग दुखते किंवा डोक्यातला मागांचा खडखडाट थांबत नाही म्हणून आपण ती घेतो, हे कारण त्याला पुरेसे वैद्यकीय वाटते. तो प्रामाणिकपणे ‘नहीं’ म्हणतो. सिरपचेही तसेच. दारूचे उलट आहे. ती या वस्तीत हराम म्हणून इतकी उघड निषिद्ध आहे की तिच्याबद्दल कोणी कबूल करणार नाही. आणि ‘डास्ट’मध्ये दारू-तंबाखू धरलेलीच नसल्यामुळे कागदावर त्या दोन्हींचा मागमूसही राहत नाही.

अपराधी वाटते का, हा पाचवा प्रश्न घ्या. ज्या घरात नशा हे पाप मानले जाते तिथे एकदा गांजाचा झुरका मारलेला मुलगा आणि वर्षभर गोळ्यांत बुडालेला मुलगा दोघेही ‘हाँ’ म्हणतील, त्यामुळे हा प्रश्न सौम्य आणि गंभीर यांत फरक करू शकणार नाही. नशा मिळवण्यासाठी बेकायदा काही केले का, हा आठवा प्रश्न गर्द विकत घेणाऱ्याला बरोबर लागू पडतो, पण ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय पट्टी घेणाऱ्याला त्यात काही बेकायदा वाटत नाही. थोडक्यात, जो प्रश्न टोरांटोच्या दवाखान्यात माणसे निवडून काढतो तो यंत्रमागाच्या वस्तीत एक तर सर्वांकडून ‘हाँ’ काढतो, किंवा सर्वांकडून ‘नहीं’.

पाकिस्तानातला मसुदा वापरण्यात गैर काही नाही. उर्दूत या विषयावरचे काम तिथेच जास्त झाले आहे, आणि त्याला कारणही आहे. 2013 च्या राष्ट्रीय पाहणीत तिथे वर्षभरात नशा केलेल्यांची संख्या सुमारे 67 लाख, म्हणजे 15 ते 64 वयाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ सहा टक्के निघाली होती. अफगाण सीमेवरून येणारे हेरॉइन आणि चरस हा त्यांच्या दवाखान्यांचा रोजचा अनुभव आहे आणि प्रश्नावल्यांचे भाषांतर करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेच रुग्ण असतात. आपल्याकडचे चित्र निराळे आहे. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत झोपेच्या व गुंगीच्या गोळ्यांचा गैरवापर करणारे 10 ते 75 वयाच्या लोकसंख्येच्या 1.08 टक्के, म्हणजे जवळजवळ एक कोटी अठरा लाख आढळले. आणि हुंगण्याचे पदार्थ हा एकच गट असा निघाला की ज्यात मुलांचे प्रमाण, 1.7 टक्के, प्रौढांच्या 0.58 टक्क्यांपेक्षा जास्त होते. उर्दू मसुद्यात गोळ्यांचा आणि व्हाइटनर किंवा पंक्चरच्या सोल्यूशनचा नामोल्लेख नसेल, तर तुमच्या वस्तीतला मोठा भाग त्यातून निसटतो. भाषा एक असली तरी नशा एक नसते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात उर्दू मातृभाषा सांगणारे पंचाहत्तर लाखांहून अधिक लोक होते, आणि त्यांच्यात कोकणातला मच्छीमार, मराठवाड्यातला दुकानदार आणि उत्तर प्रदेशातून पिढ्यांपूर्वी आलेला विणकर हे सारे आले.

म्हणून नव्या भाषांतराच्या तुमच्या विचाराला माझे उत्तर असे आहे की ‘डास्ट’चे भाषांतर करत बसू नका, हत्यारच बदला. जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ ही प्रश्नावली तुमच्या कामाला जास्त जवळची आहे. ती ‘मादक पदार्थ’ असे मोघम विचारत नाही. तंबाखू, दारू, गांजा, हुंगण्याचे पदार्थ, झोपेच्या गोळ्या, अफूवर्गीय पदार्थ असे एकेक नाव घेऊन आधी आयुष्यात कधी घेतले का आणि मग गेल्या तीन महिन्यांत किती वेळा, असे विचारते, आणि प्रत्येक पदार्थाचे गुण वेगळे ठेवते. दारू वगळता बाकी पदार्थांना 0 ते 3 गुण म्हणजे कमी धोका, 4 ते 26 म्हणजे मध्यम आणि 27 पासून पुढे जास्त धोका, असे तिचे टप्पे आहेत. मध्यम धोक्याच्या माणसाला तिथल्या तिथे थोडक्यात समुपदेशन करण्याची पद्धत तिच्याबरोबरच तयार झाली, आणि ज्या चार देशांत ती पद्धत तपासली गेली त्यांत भारत होता. सुरुवात तंबाखूपासून होते, हाही तिचा गुण आहे. माव्याच्या पुडीबद्दल बोलताना कोणाला लाज वाटत नाही, आणि एकदा बोलणे सुरू झाले की पुढचे सोपे जाते. कामगारांसाठी ती वापरा. शाळेतल्या मुलांसाठी तिचे 15 ते 17 वयाचे वेगळे रूप आहे. किंवा बारा ते एकवीस वयासाठीची ‘क्राफ्ट’ ही सहा प्रश्नांची चाचणी घ्या. ‘क्राफ्ट’च्या पहिल्या प्रश्नात नशेत असलेल्याने चालवलेल्या मोटारीत बसण्याबद्दल विचारले आहे, तुमच्याकडे तिथे मोटारसायकल हवी, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भाषांतर कुठलेही घेतले तरी ते वस्तीत तपासून घ्यावेच लागेल. त्याची रीत सर्वमान्य आहे. दोन जणांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, दोन्ही जुळवून एक मसुदा करायचा, मूळ मसुदा न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत मूळ भाषेत आणायचा आणि जिथे अर्थ घसरला असेल तिथे दुरुस्ती करायची. बहुतेक संस्था इथेच थांबतात, कारण इथवरचे काम टेबलावर होते. खरे काम पुढे आहे. वस्तीतल्या दहा-बारा जणांना, त्यांत पूर्वी नशा करून सोडलेले दोघे-तिघे धरून, एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि ‘हे तुमच्याशी कोणी बोलले तर तुम्ही काय समजाल, तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारा. गोळ्यांच्या प्रश्नात ‘कुत्ता गोली’ हे नाव, सिरपच्या प्रश्नात बाटलीचे बोलीतले नाव, मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाला ‘एमडी’, असे शब्द तिथूनच मिळतील. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात गोळ्यांना ‘बटण’ म्हणतात, म्हणून तिथला फॉर्म तुमच्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. शेवटी, ज्यांनी फॉर्म भरला आहे त्यांतल्या काही जणांची मुलाखत अशा मानसोपचारतज्ज्ञाने घ्यावी की ज्याने त्यांचे गुण पाहिलेले नाहीत; कागद आणि डॉक्टर यांचे मत किती जुळते, हे तिथे कळते. शोधनिबंधात अल्फा नावाचा आकडा 0.8 च्या वर दिसला की प्रश्नावली प्रमाणित झाली, असे मानण्याची पद्धत पडली आहे, पण तो आकडा प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत एवढेच सांगतो. ते खऱ्या रुग्णाला ओळखतात की नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

कोणी विचारायचे आणि कुठे, याला मी शब्दांहून जास्त वजन देईन. फॉर्म वाचायला देऊ नका, तोंडी विचारा. कारण वस्तीतल्या पुष्कळांचे शिक्षण अर्धवट सुटलेले आहे आणि उर्दू माध्यमातून शिकलेल्यांनाही असल्या वाक्यरचनेची सवय नसते. मुलांना विचारणारा शाळेचा माणूस नसावा. त्याच गल्लीतलाही नसावा. भाषा त्यांची आणि गल्ली दुसरी, अशी व्यक्ती शोधा. मशिदीच्या इमामांची मदत जरूर घ्या, पण ती जुम्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, ‘हा आजार आहे, उपचाराला या’ हे सांगण्यापुरती. प्रश्न विचारायला ते नकोत. त्यांच्यापुढे कोण कबूल करेल? बायकांना बायकांनीच विचारावे, सासू घरात नसताना, आणि घर एका खोलीचे असेल तर सरळ आरोग्य केंद्रात बोलावून. बायकांमध्ये डोकेदुखीच्या आणि झोपेच्या गोळ्यांची सवय बऱ्याचदा डॉक्टरच्याच चिठ्ठीतून लागलेली असते आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. लाजऱ्या मुलांसाठी एक युक्ती उपयोगी पडते. ओळखीच्या बोलीत प्रश्न मोबाइलवर रेकॉर्ड करा, मुलाच्या कानाला हेडफोन लावा आणि त्याला पडद्यावर नुसते ‘हाँ’ किंवा ‘नहीं’ दाबू द्या. शेजारच्याला प्रश्न कळत नाही, विचारणाऱ्याला उत्तर दिसत नाही. समोरासमोर जी गोष्ट ओठांवर येत नाही ती अशा पद्धतीत जास्त वेळा सांगितली जाते, हा अनेक देशांतला अनुभव आहे.

आता यादीचा प्रश्न. यादी देऊ नका. मुख्याध्यापक मुलांच्या काळजीनेच ती मागत असतील, असे मी धरून चालतो. पण चाळणी लावून वर उरलेला प्रत्येक जण व्यसनी नसतो, हे त्यांना आकड्यांनी पटवून देता येईल. समजा, एक हजार मुलांत पन्नास जणांना खरोखर त्रास आहे आणि तुमची चाचणी चांगली आहे: शंभर आजाऱ्यांतले ऐंशी ती पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या नव्वदांना बरोबर सोडून देते. मग त्या पन्नासांतले चाळीस सापडतील, आणि उरलेल्या साडेनऊशे निरोगी मुलांतली पंचाण्णव मुलेही उगीच अडकतील. मुख्याध्यापकांच्या टेबलावर एकशे पस्तीस नावे येतील, त्यांतली पंचाण्णव चुकीची असतील आणि खऱ्या गरजूंतली दहा त्यात नसतीलच. गल्लीत ‘चरसी’ हा शिक्का एकदा बसला की मुलाची शाळा सुटते, मागावरचे काम जाते आणि बहिणीचे लग्न अडते. पंचाण्णव घरांत हे घडवून आणायची जबाबदारी कोण घेणार, असे त्यांना नम्रपणे विचारा. कायद्याचीही बाजू तुमच्याकडे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात, आणि अशा व्यक्तीच्या माहितीची गोपनीयता हा तिचा हक्क मानला आहे.

तेवढ्यावर ते कदाचित म्हणतील की मग सगळ्यांची लघवीच तपासा. त्यालाही तयार राहा. बाजारात मिळणाऱ्या साध्या पट्ट्या ठरावीक पदार्थच दाखवतात. व्हाइटनर त्यांत दिसत नाही, ‘एमडी’ बऱ्याचदा निसटते, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक अफूच्या पट्टीवर उमटत नाही, आणि खोकल्यासाठी डॉक्टरांनीच दिलेले कोडीन मात्र ठळक उमटते. शिवाय पट्टी पदार्थ शरीरात गेला होता एवढेच सांगते. सवय लागली आहे का, याचे उत्तर तिच्यापाशी नाही. रुग्णालयात उपचार चालू असताना तिचा उपयोग आहे, शाळेच्या मुतारीबाहेर रांग लावून नाही. मुलांना माल कोण पोहोचवतो याची काळजी शाळेला असेल, तर त्यासाठी बाल न्याय कायद्याचे कलम 77 आहे. मुलाला वैद्यकीय सल्ल्याशिवाय मादक पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पोलिसांकडे तक्रार करायची तर ती पुरवणाऱ्याविरुद्ध करावी.

नव्याने सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. ज्याचे गुण जास्त येतील त्याला त्याच आठवड्यात कोण पाहणार? सामान्य रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडून आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांकडून ठरावीक वार आणि वेळ लेखी घ्या, उर्दू बोलणारा एक जण तिथे हजर राहील असे पाहा, आणि दाखल करावे लागणाऱ्यांसाठी पुण्यातल्या, 1986 पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी आधीच बोलून ठेवा. त्या 2019 च्या पाहणीत अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांमागे जेमतेम एकालाच दाखल होऊन उपचार मिळाल्याचे दिसले होते. जिथे पाठवायला जागा नाही तिथे माणसाला ‘तुला मदतीची गरज आहे’ असे सांगून परत घरी धाडणे मला क्रूरपणाचे वाटते, आणि पुढच्या खेपेला ती वस्ती तुम्हाला दार उघडणार नाही. आठवड्याला पाचच रुग्ण पाहिले जाणार असतील, तर आठवड्याला तेवढ्याच मुलांना विचारा जेवढ्यांतून साधारण पाच पुढे जातील. शाळा एका दिवसात उरकण्याची घाई करू नका.

राहता राहिले ते साठ फॉर्म. त्यांतून कोणताही निष्कर्ष काढू नका, ‘शाळेत व्यसन नाही’ असाही नाही. तसा अहवाल एकदा कुठे गेला की उद्या निधी मागताना तोच तुमच्या आड येईल. नावे असलेले कागद संस्थेच्या प्रमुखांच्या समक्ष फाडून नष्ट करा आणि तशी एक ओळ नोंदवहीत लिहा. मुख्याध्यापकांना लेखी कळवा की पहिली प्रश्नावली या वयासाठी योग्य नव्हती, ती रद्द केली आहे, पुढची तोंडी व पालकांच्या आणि मुलांच्या संमतीने होईल, आणि शाळेला फक्त एकूण आकडे मिळतील, तेही वर्गवार न देता, कारण तीस मुलांच्या वर्गात ‘दोघे’ म्हटले की ते दोघे कोण हे मधल्या सुट्टीत ठरते. हे पत्र तुम्ही मराठीत लिहाल, तर त्याची उर्दू प्रतही सोबत द्या. ज्यांच्या मुलांबद्दल ते आहे त्या पालकांनाही ते वाचता यायला हवे.